पोरगी होण्याची शिक्षा

माझा भाऊ आमच्या चौथीच्या वर्गाच्या दारात उभा होता. डोक्यावर गुलाबी हेअरबँड, कपाळावर टिकली. पाच वर्षांचा, केजीतला. मागे त्याची मॅडम, हात त्याच्या मानेवर.

"ही नवीन मुलगी," मॅडम म्हणाल्या. "रडते, म्हणून मुलगी."

वर्ग हसला. मॅडमनी मागच्या बाकावर मला शोधून काढलं आणि विचारलं, "तुमच्याकडे मुलगेही असेच रडतात का?"

तुमच्याकडे म्हणजे कुठे, ते सगळ्यांना कळलं. आम्ही दोघं आरटीईच्या फुकट जागांवर आलेलो. नंदनवन कॉलनीच्या मागच्या वस्तीतले. आई धुणीभांडी करणारी.

घरी जाताना भावानं हळूच विचारलं, "ताई, मी आता पोरगीच राहीन का?"

मी नाही म्हटलं. त्याला पटलं नाही. टिकली कधीच निघाली होती, तरी कपाळ घासून घासून लाल केलं. आई येईपर्यंत दाराआड बसला. आई ओळखणार नाही म्हणून.

त्या वयात वाटतं तसं. मीही बाबांचा शर्ट घालून स्वतःला मुलगा समजायचे. नवव्या वर्षी मला कळत होतं, कपड्यानं कोणी बदलत नाही. पण आणखी एक कळलं. तो जे व्हायला घाबरत होता, ते मी होते. माझ्यासारखं होणं ही शिक्षा होती. त्याचा हेअरबँड निघाला. माझं काय निघणार?

आईला सांगितलं. तिनं आधी दार लोटलं. "बोलू नको वं. नाव काढून टाकतील."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्याला परत आमच्या वर्गात आणलं. या वेळी हेअरबँड माझ्या हातात दिला. तूच घाल त्याला, म्हणाल्या. भावाची चड्डी ओली झालेली.

"नाही घालत," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. "पोरगी होणं शिक्षा नाही, मॅडम."

दोघांनाही वर्गाबाहेर काढलं. आईला बोलावलं. पोरीला माफी मागायला लावा, शाळेतले म्हणाले. आई माझ्याहून जास्त घाबरलेली.

"तू खोटं बोलली काय?" तिनं मला विचारलं.

"नाही."

"मग कायची माफी," ती त्यांना म्हणाली. मान खालीच होती तिची.

नाव काढलं नाही. पण शाळा सुटेपर्यंत दर वर्षी मी भीतच राहिले.

भाऊ आता चौदाचा आहे. परवा मित्राला म्हणाला, "काहून पोरीसारखा रडून राहिला बे?" त्याला काहीच आठवत नाही. त्याला समोर बसवलं, त्या दिवसाचं सगळं सांगितलं, चड्डीसकट. तो वर बघेना.

मी अजून घाबरते. तरी माझ्यासमोर 'पोरगी' ही शिवी चालू देणार नाही. मॅडमची नाही, भावाचीही नाही.