एक पूर्णांक सातची रेषा

मकरंद गेल्याचा फोन रविवारी सकाळी नऊ चाळीसला आला. त्याच्या बायकोला, वैशालीवहिनींना, बोलवेना; त्यांच्या भावाने सांगितलं, "पहाटे झोपेतच..." दहा वाजता मीच त्याला फोन करणार होतो, माफी मागायला. वीस मिनिटं हुकली, असं मी लोकांना सांगतो. खरं तर तो पहाटेच गेला होता.

माझा मित्र मकरंद या परदेशी शहरातल्या बुओना व्हिस्टा भागात रसायनशास्त्राचा संशोधक, मी हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत आकडे तपासणारा. दर रविवारी दहाला तो आमच्या फ्लॅटवर येऊन माझ्या मुलीला, गार्गीला, शिकवायचा. पहिल्याच दिवशी त्याने दोन ग्लास मांडले, एकात मिठाचं पाणी, एकात साखरेचं. बॅटरीच्या तारा मिठाच्या पाण्यात बुडवल्या तेव्हा एलईडी लागला, साखरेच्या पाण्यात नाही. "मिठात सोडियमने क्लोरीनला इलेक्ट्रॉन देऊनच टाकलाय, तो आयनिक बंध. पाण्यात दोघं सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. साखरेतल्या अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेत, तो सहसंयुज. साखर विरघळते, पण तिचा रेणू फुटत नाही."

कुठला बंध कुठे, हे ओळखायचं कसं? तो सांगायचा, "साधारणपणे..." मला तो शब्द खपत नसे. मी तक्ताच केला. प्रत्येक मूलद्रव्याच्या इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीला आकडा असतो. दोघांतला फरक १.७ च्या वर गेला की आयनिक, खाली सहसंयुज. लॅमिनेट करून फ्रीजवर लावला. शाळेच्या चाचणीत हायड्रोजन फ्लोराइड आलं. फरक १.७८. गार्गीने आयनिक लिहिलं. चूक; तो सहसंयुज निघाला.

"बाबा, तुझ्या टेबलमध्ये तसंच होतं लाह!" इथल्या मुलांकडून उचललेलं 'लाह' शेवटी जोडत ती म्हणाली.

मी मकरंदवर घसरलो. "तू ठाम काही सांगत नाहीस, म्हणून ती गोंधळते."

"गोंधळली कुठे? ठामपणे चुकली!" तो हसला. "अरे, रेषा आपण ओढलीय. अणूंना कुठे माहितीये?"

ते हसणं मला लागलं. "परीक्षा होईपर्यंत येऊ नकोस," मी म्हणालो. त्याने उरलेला चहा संपवला, "बरं" म्हणाला आणि गेला. दोन रविवार आला नाही; तिसऱ्या रविवारी तो गेल्याचा फोन आला. चूक माझी होती, हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं...

तेराव्यानंतर वहिनींनी गार्गीच्या हातात एक फोल्डर दिलं. आत त्याच्या अक्षरातली तीन पानं, प्रत्येकावर दहा प्रश्न. "दर शनिवारी लिहायचा," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, बोलावलंय का तुला? तर म्हणे, बोलावेल की. त्याला चूक कबूल करायला साधारणपणे तीन आठवडे लागतात."

गार्गीने एकोणतीस प्रश्न सोडवले. तिसावा असा आहे: 'ॲल्युमिनियम क्लोराइड. फरक १.५५. घन असताना बंध कोणता, वितळल्यावर कोणता? हा बाबांना विचार.'

ती दर रविवारी ते पान माझ्यापुढे ठेवते. उत्तर मी तीन पुस्तकांत तपासलंय: घन असताना साधारणपणे आयनिक, वितळल्यावर सहसंयुज. तरी "पुढच्या रविवारी" म्हणतो. प्रश्नाखाली चार ओळी कोऱ्या आहेत. त्या भरल्या, की त्याने मला विचारलेलं काहीच उरणार नाही.