खुर्च्या मांडून बसलेली माणसं

इब्राहिमभाई सारंग गेले, हे त्यांच्या धाकट्या मुलीनं मला फोन करून कळवलं. मी इकडे आखातात, रुवीच्या दवाखान्यात ड्यूटीवर होतो. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली. "सुट्टीवर घरी आले होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत." मग म्हणाली, "त्यांचं सामान तिकडे इब्रीच्या खोलीवर राहिलंय. तुम्ही आणाल ना?" मी हो म्हटलं. याला आता महिना होऊन गेला. भाईंबद्दल चांगलंचुंगलं पुष्कळ लिहिता येईल. ते कष्टाळू होते, शब्दाचे पक्के होते, मुलींना त्यांनी शिकवलं. पण त्यांची आठवण आली की मला आधी एक दुपार आठवते आणि तोंड कडू होतं. तीच लिहायला बसलो आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिथल्याच सूर शहराच्या बाहेर समुद्रकाठी गॅसच्या एका मोठ्या प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं. मी सांगली जिल्ह्यातला, तिथल्या कामगार कॅम्पच्या दवाखान्यात नर्स. पुरुष नर्सला आपल्याकडे ब्रदर म्हणतात, तेच माझं नाव होऊन बसलं. इब्राहिमभाई दापोलीकडच्या खाडीवरचे. क्रेननं उचलायच्या लोखंडाला पट्टे बांधणाऱ्या टोळीचे ते फोरमन, आणि त्यांचा धाकटा भाऊ याकूब त्याच टोळीत कामाला. भाईंनीच व्हिसा मिळवून त्याला आणलं होतं. दोघे एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे आणि दिवसभर एकमेकांची चेष्टा करायचे.

शुक्रवारी सुट्टी. नमाज आणि बिर्याणी झाली की मेसमध्ये व्हिडिओवर पिक्चर लागायचा. बाजारातून कॅसेट आणणाऱ्याला ताकीद असायची, रडका नको, मारामारीचा आण. मग तेच ते... मुंबईतला कुणी दादा, त्याला विकला गेलेला इन्स्पेक्टर, हिरोची मारली गेलेली बहीण नाहीतर भाऊ, आणि शेवटी भर कोर्टात स्वतःच न्याय करणारा हिरो. भाई अगदी पुढच्या रांगेत. त्यांची शिट्टी अशी की मेसच्या पत्र्याला कंप सुटावा. याकूब म्हणायचा, "घरी कोंबडी कापायची तर तू तोंड फिरवतोस भाई, आणि इथं बघा." भाई हसायचे आणि पुन्हा शिट्टी मारायचे. भाई काही जन्मापासून वेगळे नव्हते, आमच्यासारखेच होते, हे आधीच सांगून ठेवतो.

तो दिवस कामाचा होता आणि वारा सुटला होता. क्रेनवर प्रकाश नावाचा ऑपरेटर होता. जळगावकडचा, लग्न नुकतंच झालेलं. खाली सिग्नल देणाऱ्यानं हात वर करून त्याला थांबायला सांगितलं. प्रकाशनं तिकडे बघितलंच नाही. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत त्याला तो पाईप उतरवून मोकळं व्हायचं होतं. पाईप वाऱ्यानं झुलला, पट्टा सरकला आणि खाली याकूब होता. चूक प्रकाशची होती. मला तेव्हाही त्यात शंका नव्हती, आजही नाही.

याकूबला माझ्याकडे आणलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाई साइटच्या दुसऱ्या टोकाला होते, धावत आले. रडले नाहीत. खिशातून रुमाल काढून भावाच्या कानात गेलेली वाळू पुसत राहिले... इतका वेळ, की शेवटी मी त्यांचा हात धरला. पोलीस आले, जबाब घेतले. मयत सूरच्या इस्पितळात नेलं. प्रकाशला कॅम्प सोडून जायचं नाही, अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर आम्ही परत येतो, असं सांगून ते गेले. कॅम्प बॉस कागदपत्रांसाठी त्यांच्याबरोबर गेला. त्या दिवशी काम बंद ठेवलं होतं.

भाई माझ्या दवाखान्यातल्या खाटेवर बसून होते. तेवढ्यात एक जण बोलवायला आला. "भाई, मेसमध्ये चला. सगळे जमलेत." आम्हाला वाटलं, दुवा मागायला जमले असतील. मी भाईंच्या बरोबर गेलो. आत शिरताच मागं दाराला कडी लागली. टीव्हीच्या खालच्या मोकळ्या जागेत प्रकाश उभा होता. शर्ट फाटलेला, ओठातून रक्त येत होतं, विजार ओली झालेली. आणि त्याच्यासमोर शुक्रवारी मांडतात तशा रांगेनं खुर्च्या मांडल्या होत्या. लोक बसले होते. मागचे नीट दिसावं म्हणून टेबलांवर चढले होते. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, मल्याळी, पंजाबी, आपले मराठी, सगळे होते. असा एकोपा त्या कॅम्पनं एरवी कधी बघितला नव्हता.

जगताप नावाचा वेल्डर पुढं झाला. त्यानं भाईंच्या हातात लोखंडी पाईप दिला आणि आवाज खाली आणून, पडद्यावर बोलतात तसं म्हणाला, "पोलीस काय करणार भाई? चार महिन्यांनी सोडून देतील. फैसला आजच, इथंच. पहिला हात तुमचा." मी ओरडलो, दार उघडा. कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. भाईंनी पाईप घट्ट धरला. त्यांच्या मनगटाच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. प्रकाशनं डोळे मिटून घेतले. भाई एक पाऊल पुढं गेले... आणि मग त्यांनी वळून लोकांकडे पाहिलं. रांगेवरून रांगेवर नजर फिरवली.

"खुर्च्या कुणी मांडल्या?" त्यांनी विचारलं.

जगताप म्हणाला, "आता ते कशाला, भाई?"

"नाही, सांगा ना. माझा भाऊ अजून गार झाला नाही. खुर्च्या मांडायचं कुणाला सुचलं?"

भाई एकदम वाकले आणि तिथंच ओकले. मी पाणी दिलं. चूळ भरून ते प्रकाशच्या शेजारी जमिनीवर बसले, पाईप मांडीवर आडवा घेऊन. प्रकाश रडायला लागला. "भाई, माझं लक्ष नव्हतं, भाई..." भाई त्याच्याकडे न बघता म्हणाले, "गप बस. माझ्याशी बोलू नको." मला म्हणाले, "ब्रदर, दार उघड. यांना जायचंय." पोलीस येईपर्यंत ते तसेच बसून होते. लोक थोडा वेळ रेंगाळले, भाईंचं मन बदलतंय का बघत. मग एकेक उठले. "म्हणे लई जीव होता भावावर," असं कुणीतरी जाताना बोललं, भाईंना ऐकू जाईल अशा बेतानं.

पुढं रीतसर सगळं झालं. कोर्टात भाईंनी जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. प्रकाशला शिक्षा झाली, ती भोगल्यावर त्याला देशात परत पाठवलं. कॅम्पनं मात्र भाईंना माफ केलं नाही. मेसमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. जगताप उघड म्हणायचा, "रक्तच थंड आहे त्याचं." ज्यानं खुर्च्या मांडल्या, ज्यानं कडी लावली, त्यांना कुणी काही म्हणालं नाही. आणि पुढच्या शुक्रवारी त्याच जागी, त्याच टीव्हीवर कॅसेट लागली. हिरोनं भावाच्या मारेकऱ्याला गोळी घातली तशा टाळ्या पडल्या. मी दवाखान्यात बसून त्या ऐकल्या. माणसाच्या टाळ्यांची इतकी किळस येऊ शकते, हे मला त्या दिवशी कळलं. अजून ती गेलेली नाही.

भाई सूर सोडून इब्रीला एका वर्कशॉपमध्ये लागले. मी रुवीला आलो. अधूनमधून भेटत राहिलो. एकदा इब्रीत न्हाव्याच्या दुकानात त्यांच्याबरोबर होतो. भाईंची अर्धी दाढी झाली होती, आणि टीव्हीवर गुंडांना भररस्त्यात उडवणाऱ्या एका पोलिसाचा पिक्चर लागला. भाई म्हणाले, "जरा बंद कर." न्हावी म्हणाला, "अहो चाचा, आता तर मजा येणारेय." भाईंनी गळ्यातला टॉवेल काढला, पूर्ण दाढीचे पैसे ठेवले आणि गालाला फेस तसाच असताना बाहेर पडले. बाजारातले दुकानदार बघत होते. मी बरोबर चालत होतो. बाजार मागं पडल्यावर ते बोलले.

"लोक समजतात मी त्याला माफ केलं. मी कुठं माफ केलं, ब्रदर? पाईप हातात आला तेव्हा त्याचं डोकं फोडायचंच होतं मला. पण टेबलावर चढलेला एक जण पुढच्याला म्हणाला, जरा सरक, दिसत नाही... मग वाटलं, याकूब कशासाठी मेला? यांची दुपार चांगली जावी म्हणून?" थोडं चालून म्हणाले, "आणि मी तरी कोण? पहिल्या रांगेतलाच. पडद्यावर ज्याचा भाऊ मरतो, त्याच्या घरी त्या दिवशी चूल कोण पेटवतं, असं कधी मनात आलं नाही माझ्या."

गेल्या शुक्रवारी त्यांचं सामान आणायला इब्रीला गेलो. खोलीत चिपळूणकडचा विलास नावाचा एसी मेकॅनिक आणि आणखी दोघे राहतात. त्यांनी बॅग बांधूनच ठेवली होती. चहा झाला. टीव्हीवर पिक्चर सुरू होत होता, तसा मी बाहेर आलो. विलास मागोमाग आला आणि त्यानं भिंतीकडे बोट केलं. दाराशेजारी बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर चुन्यावर एक गोल, तेलकट डाग होता. "भाई इथं बसायचे. आम्ही पिक्चर लावला की बाहेर. उन्हाळ्यातसुद्धा. आम्ही म्हणायचो, भाई मारामारीला घाबरतात."

मला राहवलं नाही. मी त्याला याकूबबद्दल सांगितलं, प्रकाशबद्दल, मेसच्या दाराला लागलेल्या कडीबद्दल. विलास ऐकता ऐकता जवळ सरकला. त्याचे डोळे मोठे झाले. हातातला कप त्यानं खाली ठेवला.

"मग? मारलं त्याला?"

"नाही."

"काहीच नाही केलं?"

"नाही."

त्याचा चेहरा उतरला. तो कप उचलून आत गेला. आतून गोळ्यांचे आवाज येत होते. मी भिंतीपाशी खाली बसलो. ऊन उतरेपर्यंत बसून राहिलो. डोक्यामागच्या भिंतीला खोबरेल तेलाचा वास होता.