डिशला घातलेला हार

मॅच बघायला कोणी वाळवंटात जातं का? आम्ही गेलो. मी नेलं सगळ्यांना, असं म्हणा.

झालं असं, की माझी धाकटी बहीण तिकडे सांगलीला खो-खो खेळते. नुसती खेळत नाही, संघाची कर्णधार आहे. एक दिवस तिचा फोन आला. "ताई, शुक्रवारी फायनल, टीव्हीवर दाखवणारेत. गुडघ्यानं आता हात टेकलेत गं. डॉक्टर म्हणतात, बास. ही शेवटची. आईला हे सांगू नको, पण एवढी एक मॅच तिला दाखव."

आई तेव्हा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे कुवेतला, अबू हलीफाला आलेली. तिनं धाकटीचा खेळ जन्मात पाहिला नव्हता. पाहायचाच नाही असं ठरवून पाहिला नव्हता. "पोरीच्या जातीनं मातीत लोळायचं, गुडघं फोडून घ्यायचं, कोण करणार हिच्याशी लग्न?" हे ऐकतच आम्ही मोठ्या झालो. धाकटी रक्ताळून घरी आली की आई हळदीचा डबा तिच्यापुढं आदळायची. "फोडलंस तू, आता लाव पण तूच."

चॅनलचं ॲप भारताबाहेर चालत नाही. आमच्याकडे डिश होती, पण बिल्डिंगच्या राखणदारानं, इथं त्याला हारिस म्हणतात, सगळ्यांच्या बाल्कनीतल्या डिश उतरवायला लावल्या होत्या. गच्चीला कुलूप. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, निकाल कळेलच की." माझं टाळकंच सटकलं. अहो, निकाल कुणाला हवाय? आईला पोरगी दाखवायची आहे!

हिवाळ्यात इथले लोक वाळवंटात तंबू ठोकतात, कॅरव्हॅन लावतात आणि सुट्टीला तिकडेच राहतात. मी एक कॅरव्हॅन भाड्यानं घेतली. डिश, तीन पायांचा स्टँड, रिसिव्हर, टीव्ही, मटकीची उसळ आणि आई, असं सगळं गाडीत कोंबलं. आईला स्पष्ट सांगितलं, धाकटीची मॅच बघायला चाललोय. ती म्हणाली, "तुम्ही बघा. मी वारा खात बसते."

सकाळी नवऱ्यानं वाळूची पोती ठेवून स्टँड पक्का केला. आजूबाजूच्या कॅम्पमधल्या डिश झाडून सगळ्या नैऋत्येला तोंड करून बसलेल्या, आमची एकटीच पूर्वेकडे. शेजारच्या कॅम्पमधले एक म्हातारे कुवेती गृहस्थ चहाचा थर्मास घेऊन आले आणि हातानं दाखवायला लागले, तिकडे नाही, इकडे फिरवा. नवऱ्यानं पूर्वेकडे बोट केलं, "हिंद, हिंद!" म्हातारे खळखळून हसले. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर चित्र आलं, शेतीचा कुठला तरी कार्यक्रम होता. पण मी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही निवांत आत जाऊन जेवलो.

जेवून टीव्ही लावला तर पडदा निळा. सिग्नल शून्य.

"वाऱ्यानं हलली असणार," नवरा म्हणाला. बाहेर गेला, डिशला आधी नमस्कार केला आणि मग फिरवायला लागला. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मी दारातून ओरडतेय, "नाही! नाही! अजून नाही!" सगळे नट ढिले झाले, केबल बदलून झाली. तिकडे मॅच सुरूसुद्धा झाली. नवरा म्हणाला, "आता राहू दे." म्हटलं, तो पाना खाली ठेवून तर बघ!

आमचा आरडाओरडा ऐकून म्हातारे पुन्हा आले. त्यांनी डिशकडे पाहिलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. काढला, पुन्हा ठेवला. आणि मग मला दिसलं. डिशच्या दांड्याला पुढं जे सिग्नल धरणारं तोंड असतं, त्याला झेंडूचा जाडजूड हार गुंडाळलेला, पाणी शिंपडून ओलागच्च, वर हळद-कुंकवाचा लपका. आम्ही जेवत होतो तेव्हा आईनं पूजा केली होती. अबू हलीफाहून निघतानाच तिनं हार घेतलेला. आणि आमचे डोळे बघा! नवी गाडी, नवी गिरणी, काहीही कामाला लावायचं म्हटलं की हार हा असायचाच. तो दिसला होता आम्हाला, पण काढायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मी हात घातला तशी आई कडाडली, "खबरदार! पूजेचा हार आजच्या आज उतरवत्यात व्हय? काम बिघडंल."

"आई, कामच होईना त्यानं!"

"न्हाई म्हंजे न्हाई."

ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं की ही शेवटची आहे. जीभ चावली. शब्द दिला होता. म्हटलं, "मी नाही काढत. तुला तुझी लेक बघायची असली तर तूच काढ. नाहीतर बस वारा खात."

आई हाराकडे बघत उभी राहिली. मग पुढं झाली, हार अलगद उतरवला, कपाळाला लावला, आणि पदराचं टोक भिजवून कुंकू खसाखसा पुसायला लागली. "जावईबापू," ती मागं न बघता म्हणाली, "फिरवा आता. बिगीबिगी."

आता डिश पार भलतीकडे गेलेली. नवरा केसाएवढं सरकवायचा, थांबायचा, पुन्हा सरकवायचा. म्हातारे स्टँड धरून बसले. मी घसा बसेपर्यंत ओरडले. चित्र आलं तेव्हा शेवटचा डाव चालू होता.

आणि मैदानात आमची धाकटी पळत होती. गुडघ्याला पांढरी पट्टी. खो मिळालेली पोरगी अंगावर आली की ही हुलकावणी देऊन निसटायची. आई स्टूल घेऊन लांब बसली होती, कधी उठून टीव्हीला नाक लावून उभी राहिली कळलंच नाही. एका पोरीनं सूर मारला, बोटं धाकटीच्या पाठीशी आली, आणि आई किंचाळली, "पळ गं! पळ माझे बाई, मागं बघू नगंस!"

आयुष्यभर जिला थांब म्हणाली तिला. मला रडू आवरेना.

एका गुणानं हरल्या. आईला त्याचं काहीच नव्हतं, ती हार ओंजळीत धरून बसली होती. संध्याकाळी कॅरव्हॅनमागच्या टेकाडावर चढलो तेव्हा कुठे फोन लागला, मी तो स्पीकरवर टाकला. धाकटीनं पहिलंच विचारलं, "ताई, बघितलं का तिनं?" आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"बघितलं. गुडघ्याला हळद लाव. न्हाई, थांब, मी आल्यावर मीच लावीन. आणि काय गं, पुढची मॅच कधी हाय? आधी सांग, म्हंजे मी तिथं यिऊन बसते."

"सांगते, आई," धाकटी म्हणाली.