मेंढरं कागूद खात न्हाईत

सोलापूरच्या एसटी स्टँडवर बिरुदेव कोळेकरांनी नोकरीभर गाड्या पुकारल्या. कंट्रोलरच्या खिडकीतल्या त्या माणसाकडं तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नाही. निवृत्तीनंतर मात्र त्याच स्टँडवर पाय ठेवला की माणसं गोळा व्हायची. "तात्या, एक सेल्फी." तात्या हे त्यांचं मालिकेतलं नाव. रोज संध्याकाळी घराघरांत दिसणारा, कुणापुढंही हात जोडणारा गरीब धनगर. बिरुदेव फोटोला उभे राहायचे, पण हसायचे नाहीत. लोकांना वाटायचं, तात्याचा स्वभावच तसा. खरं तर त्यांचं डोकं तापलेलं असायचं.

कारण बिरुदेव मुळात नट नव्हतेच. ते लिहिणारे होते.

सांगोल्याकडच्या कोरड्या रानात त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. ते शाळेत असताना रानात चराईला बंदी आली. ती मोडली म्हणून एका फॉरेस्टगार्डानं त्यांची सगळी मेंढरं कोंडून घातली. आत पाणी नव्हतं. कोकरं तडफडून मेली. तेव्हा बिरुदेवांची आई मायाक्का एकटी त्या गार्डापुढं जाऊन उभी राहिली. पुढं नोकरी लागल्यावर बिरुदेवांनी यावरच 'चराईबंदी' नावाचं नाटक लिहिलं. ते राज्य नाट्यस्पर्धेत हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात झालं. त्यातली आई गार्डाला म्हणते, "रान तुमच्या कागदावर हिरवं हाय. आमची मेंढरं कागूद खात न्हाईत, साहेब." या वाक्याला टाळ्या थांबेनात. कौतुक करणाऱ्या प्रत्येकाला बिरुदेव सांगत, हे आईचंच बोलणं आहे. ती स्वतः मात्र तेव्हा मेंढरं घेऊन भीमेकाठी गेली होती. तिनं ते नाटक बघितलं नाही.

पुढची नाटकं मात्र कुणी केली नाहीत. दुष्काळावरचं दिलं तर म्हणाले, जड आहे. बंद पडलेल्या सूतगिरणीवरचं दिलं तर म्हणाले, बिरुदेव, जरा हलकंफुलकं लिहा की. लोकांना हसवा. चौथ्या वेळी त्यांनी संहिता उचलली आणि घरी आले. पुन्हा लिहिलं नाही.

नट झाले ते अपघातानं. एका नाट्यसंस्थेत हवालदाराचं काम करणारा ऐनवेळी आजारी पडला, म्हणून त्यांना उभं केलं. रापलेला चेहरा, खर्जातला आवाज, लोकांना आवडला. मग कधी सरपंच, कधी सावकार, कधी मुलीचा बाप, असं करत ते मालिकेपर्यंत पोचले. लिहिणाऱ्या बिरुदेवाला कुत्रं विचारत नव्हतं आणि त्याच्या तोंडाला मागणी आली होती. हा राग ते गिळत राहिले.

तो बाहेर पडला साताऱ्याकडच्या एका सेटवर. त्या दिवशीच्या प्रसंगात वनखात्याचा साहेब तात्याची मेंढरं अडवतो आणि पाटलांचा मुलगा, म्हणजे मालिकेचा नायक, तात्याच्या बाजूनं बोलतो. बिरुदेव हात जोडून उभे होते. नायक पुढं झाला आणि शुद्ध भाषेत म्हणाला, "रान तुमच्या कागदावर हिरवं आहे, साहेब. यांची मेंढरं कागद खात नाहीत."

बिरुदेवांच्या कानशिलात शिरा ताडताड उडायला लागल्या. पण अंगवळणी पडलेली सवय अशी, की ठरल्याप्रमाणे डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक मल्हार, तिशीतला पोरगा, जवळ आला. "काका, कमाल. एक क्लोजअप घेऊ फक्त."

"हे वाक्य कुणाचं?"

"आपल्या लेखकाचं. का?"

"माझं आहे. माझ्या नाटकातलं."

मल्हारनं लेखकाला फोन लावला. लेखक मोकळेपणानं म्हणाला, हे तर व्हॉट्सॲपवर कधीचं फिरतंय, खाली कुणाचं नावच नव्हतं. त्याचं खोटं नव्हतं. म्हणूनच बिरुदेव जास्त पेटले. चोर सापडला असता तर गचांडी तरी धरता आली असती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग ते तात्याला बोलू दे. मेंढरं त्याची आहेत."

"काका, तात्या बोलला तर हिरो काय करणार?"

"त्यानं हात जोडावेत."

मल्हार हसला. बिरुदेवांनी डोक्याचं मुंडासं काढून त्याच्या खुर्चीवर ठेवलं आणि सरळ रस्त्यावर येऊन सोलापूरची गाडी धरली. आठवड्याभरात मालिकेत तात्या दरीत पडून मेला. स्टँडवर बायका हळहळल्या.

"अप्पा, घरात चिडचिड करून काय होणार आहे?" त्यांची मुलगी ऋतुजा म्हणाली. ती कॉलेजात शिकवायची आणि नाटकातही काम करायची. "आपणच करू की चराईबंदी. आजीचं काम मी करते."

जुळे सोलापुरातल्या घरी, बाहेरच्या खोलीत तालमी सुरू झाल्या. गार्डाच्या कामाला बिरुदेवांचे जुने सोबती सिद्रामप्पा आले. मायाक्का त्याच सुमारास डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाकडून आली होती. काळा चष्मा लावून ती कोपऱ्यात बसून ऐकायची. ऋतुजानं ते वाक्य म्हटलं, तेव्हा म्हातारीनं विचारलं, "ही कोण बाई म्हणायची?"

"आये, तूच की," बिरुदेव म्हणाले. "गार्डाला बोललीस ते."

"मी आसलं काय बोलले न्हाय."

"विसरलीस तू."

"इसरंन कशी? माजी कोकरं मेली व्हती. मी त्याला आयमायवरनं शिव्या दिल्या आन् त्याच्या तोंडावर थुकले. तू मागंच व्हतास की. लाज वाटली तुला, पळालास कडब्याआड."

बिरुदेव उठून गच्चीवर गेले. त्यांना सगळं आठवत होतं. थुंकी गार्डाच्या मिशीवर अडकली होती, तेसुद्धा. नाट्यगृहातल्या माणसांना पचावं म्हणून त्यांनी आईच्या तोंडात ते घासूनपुसून लख्ख केलेलं वाक्य घातलं होतं, आणि वर ते तिचंच म्हणून मिरवलं होतं. मल्हारवर तापलेलं डोकं आता स्वतःवर तापलं. दुपार उतरेपर्यंत ते तसेच उन्हात उभे होते.

खाली आले ते लिहायला बसले. वाक्य काढूनच टाकलं. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, म्हणाले. त्या जागी मायाक्काला समोर बसवून विचारून विचारून तिच्या शिव्या लिहिल्या. म्हातारी एकेक आठवून सांगत होती आणि ऋतुजा तोंडाला पदर लावून ऐकत होती.

सिद्रामप्पांनी मात्र काम सोडलं. "शिव्यांचं राहू द्या. पण पोरीच्या वयाच्या बाईकडून चारचौघांत तोंडावर थुंकून घ्यायचं? मला जमायचं नाही." मग गार्डाचा खाकी शर्ट बिरुदेवांनीच चढवला.

तालमीत ऋतुजा ऐनवेळी तोंड फिरवायची. "अप्पा, नाही होत माझ्याच्यानं."

"मी अप्पा नाही. तुझी कोकरं मी मारलीत. बघ माझ्याकडं."

तिनं बघितलं. आणि थुंकली.

सोलापुरातल्या प्रयोगाला प्रमुख पाहुणे मध्यातच उठून गेले. नाटक असभ्य आहे, असं दुसऱ्या दिवशी कुणीतरी छापलं. नातेपुत्यात मात्र बाजाराच्या पटांगणात माणसं उभी राहून बघत होती, आणि शिव्या सुरू झाल्या तेव्हा पुढं बसलेली एक म्हातारी आपली स्वतःची एक शिवी जोडून मोकळी झाली. मल्हारचा पुन्हा फोन आला. नव्या मालिकेत चांगलं काम आहे, काका, राग सोडा आता. बिरुदेव म्हणाले, काम असेल तर येईन, राग सोडणार नाही.

सध्या त्यांचे प्रयोग उजनीकाठच्या गावांत चालू आहेत. परवा एका गावात पडदा पडल्यावर ते चेहरा न पुसताच ऋतुजाकडं गेले.

"आज कमी पडलीस," ते म्हणाले. "माझी दया आली तुला. परत असं करायचं नाही."