जानेफळचा बेवारशी चौकोन

लग्नाच्या मांडवात शिरल्या की सुलभाताई आधी नाती लावत. कोण कोणाची नणंद, कोण कोणाचा साडू, सगळं. एखादा पाहुणा कोणाचाच निघाला नाही तर त्यांना जेवण गोड लागत नसे. चिखलीच्या दूध संघात त्या टायपिस्ट म्हणून लागल्या. पुढे संगणक आले, आणि दुसरं कोणी हात लावेना म्हणून तेही त्यांच्याच गळ्यात पडले.

यंदा संघाने नवा सर्व्हर घेतला. पुण्याच्या कंपनीने आधी नकाशा मागितला. उंद्री, मोताळा, जानेफळ, सगळ्या केंद्रांतलं जोडलेलं यंत्र न् यंत्र एकेका चौकोनात दाखवायचं, आणि कोण कोणाला माहिती पाठवतं त्याच्या रेघा ओढायच्या. नकाशात जे नाही ते दसऱ्यापासून बंद. सुलभाताईंना हे काम फार आवडलं. शेवटी नातीच तर लावायची होती.

सगळं जुळलं, अडला तो जानेफळचा एक चौकोन. तिथून कुठलंसं यंत्र जुन्या सर्व्हरला सारखं काहीतरी कळवत होतं, आणि तिथले केंद्रप्रमुख अर्जुनराव यांनी पाठवलेल्या माहितीत ते नव्हतंच.

"मॅडम, पुसून टाका," कंपनीचा सोहम फोनवर म्हणाला. "जुनं काहीतरी असेल. मला आजच नकाशा हवाय."

सुलभाताईंचा हात धजेना. मागे एका उन्हाळ्यात जानेफळच्या टाकीचं गार करणारं यंत्र बंद पडलं, कोणाला पत्ता लागला नाही, आणि गावभराचं दूध नालीत ओतावं लागलं. त्यानंतर तिथे काहीतरी बसवलंय एवढं त्यांच्या कानावर होतं. बसवणारा मेकॅनिक केव्हाच नोकरी सोडून गेलेला. हाच तो चौकोन असला आणि आपण पुसला तर?

त्यांनी अर्जुनरावांना फोन लावला. "वायफायचा डबा अन् टाकी गार करायचं यंत्र सोडून एकेक प्लग काढत जा. मी इथं पाहून राह्यली."

संगणक गेला. वजनकाटा गेला. दुधाची फॅट तपासायचं यंत्र गेलं. बेवारशी मात्र जागाच.

"आता काय चालू हाये?"

"काहीच नाही ताई. देवाचा लाल दिवा तेवढा."

"तो काढा."

"काय बोलता ताई! घट बसले हायेत. अखंड दिवा तो, त्याले हात लावू? अन् देवाचं सामान संघाच्या माहितीत काऊन टाकू?"

"बरं, हात नका लावू. नुसतं पाहून सांगा, त्याची वायर कुठं जाते?"

फळीपाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "एक प्लगात गेली... दुसरी भिंतीनं खाली... अरे बाप्पा! ताई, हे तं दुधाच्या टाकीत गेली!"

मेकॅनिकला मोकळा प्लग सापडला होता तो देवाच्या फळीवर. नंतर बदलून आलेले अर्जुनराव त्या लाल दिव्याच्या डब्याला इतके दिवस मनोभावे उदबत्ती ओवाळत होते. सुलभाताई हसता हसता रडल्या. जीव भांड्यात पडला होता. त्यांनी चौकोनात 'टाकी तापल्याचा भोंगा' असं लिहिलं आणि तिथून दोन रेघा ओढल्या, एक अर्जुनरावांच्या फोनला, एक स्वतःच्या.

दसऱ्याला नवा सर्व्हर सुरू झाला. संध्याकाळी सगळं जानेफळ सोनं लुटायला गेलेलं असताना दोन्ही फोन एकदम बोंबलले. गार करणाऱ्या यंत्राचा फ्यूज उडाला होता. अर्जुनराव आपट्याची पानं हातात तशीच घेऊन धावले.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. धाप अजून लागलेली होती. "ताई, दूध वाचलं. देव पावला!"

"पावणारच," सुलभाताई म्हणाल्या. "यंदा नकाशात घेतलं ना त्याले."