टोमॅटोच्या पेट्यांची भिंत

आमच्या गावात यात्रेला गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. वारूळवाडी ओलांडून पुढं गेलं की आमचं गाव. नव्वदच्या दशकात घरोघर टीव्ही आले होते, तरी नाटकाला पटांगण भरायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, म्हणून नेपथ्य आपोआप माझ्याकडं आलेलं. त्यात करायचं फारसं काही नसे. भाड्याचे पडदे आणायचे आणि बांबूला बांधायचे: राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ आणि घर. घराच्या पडद्यावर एक मोठी खिडकी रंगवलेली होती. तिच्यातून तळं दिसायचं, तळ्यात दोन हंस आणि मागं बर्फाचा डोंगर. नाटकातलं कुटुंब कितीही गांजलेलं असो, त्यांच्या खिडकीत हंस असणारच. कुणाला त्याचं काही वाटत नसे. मलाही नाही.

वाटलं ते माझ्या मुलीला. ती तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. नाटकाहून घरी येताना मला म्हणाली, "आण्णा, त्यांच्याकडं खायला काहीच नाही, मग ते हंस का नाही खात?"

मी ते घरीदारी हसत सांगितलं. पण पुढच्या रविवारी मी तिच्यापुढं बुटाचं एक रिकामं खोकं ठेवलं. पुढची बाजू कापून टाकली. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा बोटाएवढा माणूस कापला आणि खोक्यात उभा केला. म्हटलं, हा माणूस इथं राहतो, आता याला काय काय लागतं ते तू सांग. बसणार कशावर? येणार कुठून? दार आत उघडतं का बाहेर?

पुढं आमचे रविवार असेच जायला लागले. खोकं ओट्यावर ठेवायचं आणि तिला अंगणाच्या टोकाला नेऊन बसवायचं. "आता तू मागच्या रांगेतली आजी. तुला काय दिसतं?" अर्ध्या गोष्टी तिथून दिसायच्याच नाहीत. त्या काढून टाकायच्या. बॅटरीच्या काचेवर गोळीचा तांबडा कागद धरला की संध्याकाळ, निळा धरला की पहाट. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पडदे बांधता बांधता जे मनात यायचं आणि गावात करता यायचं नाही, ते मी तिच्यापाशी करत होतो. वाडीतली दोन-चार पोरंही येऊन बसायची. बायको म्हणायची, "शाळेत भागत न्हाई म्हणून घरात पण भरवली का?" पण साडीच्या दुकानातून आलेले पुठ्ठे ती गादीखाली आमच्यासाठी जपून ठेवायची.

एक गोष्ट मला लवकर कळली. मी खोकं भरायचो आणि पोरगी ते रिकामं करायची. मी चूल करायचो, हंडा, उतरंड, भिंतीवर कॅलेंडर. ती एकेक उचलून बाजूला ठेवायची आणि शेवटी एक पाट राहायचा. म्हणायची, "आण्णा, एवढ्यानंच कळतंय की." आणि कळायचं. मला तिचा अभिमान वाटायचा. थोडा हेवाही वाटायचा, पण हे मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

ती नववीत असताना गावानं भाऊबंदकीचं नाटक घेतलं. दोन भाऊ, म्हातारी आई, शेवटी घराची वाटणी. त्याची वही तिनं माझ्या आधी वाचून काढली. आठवडाभरात तिनं खोक्यात काड्यापेट्या मांडून मला बोलावलं. पहिल्या अंकात काड्यापेट्या म्हणजे घरातलं सामान होतं: बसायची बाकडी, देव्हारा, आईचं अंथरूण. दुसऱ्या अंकात त्यातल्या काही हलल्या. तिसऱ्या अंकात भाऊ भांडता भांडता एकेक वस्तू उचलत होते आणि मधोमध रचत होते, आणि बघता बघता त्याच सामानाची भिंत उभी राहिली होती. भिंतीला टेकून आई. तिला कुठलाच मुलगा दिसत नाही. आपल्याला दोघंही दिसतात.

"काड्यापेट्यांच्या जागी काय घ्यायचं?" मी विचारलं.

"टोमॅटोच्या पेट्या. प्रत्येकाच्या घरी हायेत."

मी बराच वेळ खोक्यापुढून उठलो नाही.

नाटक कमिटीला ते पटवायला मला जड गेलं. "सर, पडदं न्हाई आणलं तर पावणं म्हणतील, गाव भिकंला लागलं," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "दिवसभर पेट्याच उचलायच्या, आन् नाटकात बी पेट्याच बघायच्या का राव?" मी सांगितलं की ही माझी कल्पना आहे, बिघडलं तर मला बोला. माझी, असं म्हणालो. तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही. पोरीनं ठरवलंय असं सांगितलं तर ऐकणार कोण, एवढाच विचार होता.

यात्रेच्या दिवशी दुपारी माझा पुतण्या ट्रॉली भरून लाकडी पेट्या घेऊन आला. मुलीनं त्या आदल्या दिवसांत गावभर फिरून निवडल्या होत्या. काहींना तिनं बाहेरून माती लिंपली होती, काहींवर गोधड्या बांधल्या होत्या. कुठली पेटी कुठं जाणार याच्या खडूच्या खुणा तिनं स्टेजवर केल्या, तेव्हा पटांगणाच्या दुसऱ्या कडेला दुसऱ्या दिवशीच्या तमाशाचा ट्रक येऊन थांबला होता. फडातल्या बाया ट्रकच्या सावलीत भाकऱ्या थापत होत्या.

आमच्याकडं गावच्या नाटकात गावची मुलगी कधी स्टेजवर गेली नव्हती. नटी पुण्याहून आणायची पद्धत होती. माझी मुलगी तर नुसती खडू घेऊन वाकली होती. माझा एक चुलतभाऊ कमिटीच्या माणसांत उभा होता. तो ट्रककडं बघत म्हणाला, "मास्तर, ट्रक उभाच हाये. पोरीची कपड्यांची पेटी बी त्याच्यातच टाकू का?"

सगळे हसले. मीही हसलो. मग मी तिला म्हटलं, "खाली उतर आता, ऊन लागतंय." ती उतरली. उन्हाचं कारण तिनं मानलं नसावं, कारण स्टेजवर मांडव होता.

नाटक सुरू झालं तेव्हा ती विंगेत दर्शनी पडद्याचा दोर धरून उभी होती. तेवढं मी चालवून घेतलं, तिथं ती कुणाला दिसत नव्हती. तिसऱ्या अंकात भावांनी पेट्या रचायला सुरुवात केली आणि लोक आधी हसले, आपल्याच पेट्या म्हणून. मग हसू थांबलं. शेवटची पेटी वर गेली तेव्हा पटांगणात कुठंतरी एक बाई हुंदका देऊन रडली. बायकांच्या बाजूनं तो आवाज पसरत गेला. मी विंगेतून मुलीकडं पाहिलं. ती लोकांकडं बघत नव्हती. ओठ हलवत पेट्या मोजत होती.

आमच्याकडं नाटक मध्येच थांबवून बक्षिसं पुकारायची रीत आहे. आवडलेल्या नटाला कुणी नारळ देतं, कुणी टॉवेल-टोपी. त्या दिवशी सरपंचच उठले. निवेदक आमच्या गावचा दुकानदार. त्यानं माइक हातानं झाकला आणि विंगेत मान घातली. "सर, नेपथ्याला टॉवेल-टोपी आन् नारळ हाय. नाव कुणाचं घिऊ?"

ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत काही मागणं नव्हतं. मी आता काय म्हणणार हे तिला माहीतच होतं, अशी ती नजर होती. माझ्या डोक्यात मात्र तो ट्रक होता, दुपारचं हसू होतं, आणि टॉवेल-टोपी पोरीला कशी घालणार हा एक आयता सापडलेला प्रश्न होता. स्वतःचं नाव घ्यायला मला लाज वाटली. तिचं घ्यायला भीती.

"पुतण्याचं घ्या," मी म्हणालो.

माइकवर पुकारलं गेलं, सरांचा पुतण्या. तो मागं पाणी पीत होता. "मी? काका, मी नुसत्या पेट्या आणल्यात," म्हणाला. मी त्याला पुढं ढकललं. तो गेला, टोपी घालून घेतली, लाजत परत आला आणि नारळ मुलीपुढं धरला. "घे, तुझा हाय हा."

"नाव तुझं घेतलं ना? तूच फोड," ती म्हणाली आणि दोर सोडला, कारण अंक संपला होता. तिनं पडदा एका क्षणानंही चुकवला नाही. 

त्यानंतर तिनं खोकं केलं नाही. रुसली, बोलायची बंद झाली, असं काही नाही. रविवारी मी पुठ्ठा काढला की म्हणायची, "आण्णा, अभ्यास आहे." मी दोनदा-तीनदा चार्ट पेपर आणून ठेवला. त्याला वाळवी लागली. पुढच्या यात्रेला मी परत पडदे आणले. हंसवालाच आणला. ती नाटकाला आली, आईजवळ बसली आणि घरी येताना कसलीच शंका विचारली नाही.

बारावीनंतर तिनं डी.एड.चा फॉर्म भरला. पुण्यात चित्रकलेचं, नाटकाचं शिक्षण मिळतं हे मला माहीत होतं. मी वाट पाहत होतो, की ती विचारेल आणि मी हो म्हणेन. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगितलं आहे, की मी हो म्हणणार होतो. ती विचारेल कशी, याचा मी विचार केला नाही. एकदा विंगेत तिनं नुसतं पाहिलं होतं, तेव्हा तिला उत्तर मिळालं होतं.

तिला नोकरी लागली डिंभ्याच्या धरणाच्या वर, डोंगरातल्या एका वाडीवर. दोन हजारनंतरची गोष्ट. लग्न झालं, नवराही घोडेगावात नोकरीला. एक दिवस बायको म्हणाली, तिच्या शाळेचा कार्यक्रम आहे, पोरांचं छोटं नाटक आहे, जाऊन या. मला गुडघ्यामुळं एसटी नको वाटायची, पण त्या दिवशी मी गेलो. जाताना ठरवलं होतं की आज बोलायचं.

पोरांनी भाताच्या पेंढ्याचं घर केलं होतं आणि मासेमारीचं जुनं जाळं आडवं टांगून त्याचं पाणी केलं होतं. जाळ्यापलीकडं उभी राहिलेली पोरं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. घरात एक पाट होता, बाकी काही नाही.  शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीला मी म्हटलं, "बाईंनी छान केलंय."

"बाई हात न्हाय लावीत," ती म्हणाली. "आमालाच करू देत्यात. त्या निस्त्या लांब बसून सांगत्यात, मागून दिसतंय का न्हाय."

कार्यक्रम संपल्यावर माझी मुलगी मला थांब्यापर्यंत सोडायला आली. एसटीचा भरवसा नव्हता, त्यामुळं वेळ भरपूर होता. मी चपलेतला खडा काढला, पुन्हा चप्पल घातली. मग म्हणालो, "त्या यात्रेत मी तुझं नाव घ्यायला पाहिजे होतं."

तिनं एसटी येते का ते वळणाकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी तिथंच होते, आण्णा. ऐकलं मी."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? आधी राग आला होता. लई आला होता. मग वर्ष गेलं, दोन गेली, आणि मला वाटायला लागलं, खरंच, आपण काय केलं होतं? पेट्या त्यानं आणल्या. कमिटीला तुम्ही पटवलं. रचल्या नटांनी. मी घरात बसून काड्यापेट्या मांडल्या होत्या, एवढंच. ते काय कुणीही करतं."

"ती भिंत तुझी होती."

"असेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात कडूपणा असता तर मला सोसलं असतं.

मी विचारलं, पोरांबरोबर तू हात का लावत नाहीस. तिला वाटलं मी शिकवण्याच्या पद्धतीबद्दल विचारतोय. मग माझा चेहरा पाहून तिनं खरं सांगितलं. "येत नाही मला आता. खोटं नाही बोलत. पूर्वी वाचता वाचता डोळ्यांपुढं उभं राहायचं. आता पोरांनी केलेलं चांगलं का वाईट, एवढं कळतं. स्वतःचं काही दिसत नाही. एकदा घरी, सगळे बाहेर गेल्यावर, बसून पाहिलं. खोकं पुढं घेतलं आणि माणूस उभा केला. त्याला काय लागतं, तेच सुचेना." तिनं पदर सावरला. "जाऊ द्या. पोरांना येतंय ना."

मी माफ कर म्हणालो. ती म्हणाली, "अहो, असं काय." आणि माझ्या पिशवीत तिनं तांदळाची पुडी घातली होती ती सांडत नाही ना, ते पाहायला वाकली.

एसटी आली. तिनं कंडक्टरला सांगून मला पुढच्या बाकावर बसवलं आणि गाडी हलायच्या आत वळून शाळेकडं चालू लागली, पोरं तिची वाट बघत होती. शेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर घोंगडी होती. त्यानं मला विचारलं, "बाईंचं वडील का तुमी?"

"हो."

"आमची नात हाये तिथं. लई गोडी लावली बाईंनी नाटकाची. मास्तर दिसता तुमी, तुमच्याकडूनच आलं आसंल ते."

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडचं काही नाही. ते सगळं तिचं होतं, लहानपणापासून."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि धरणाच्या पाण्याकडं बघत, यंदा पाणी लवकर उतरलं, असं काहीतरी सांगायला लागला. मी मागं वळून पाहिलं. वळणामुळं रस्ता दिसत होता, ती दिसत नव्हती.