आत्याच्या ग्रुपमध्ये एकही शिंपी नाही

माझी आत्या तीस वर्षं कपडे शिवतेय, पण तिच्या सल्ले विचारायच्या ग्रुपमध्ये एकही शिंपी नाही! म्हणते, "ते नुसती नावं ठेवतात." त्यात आहेत एक बस ड्रायव्हर, एक नर्स आणि एक न्हावी.

काल माझा इंटरव्ह्यू दोन तासांवर, कोटाची एक बाही लावायची बाकी आणि मशीन टाके सोडायला लागलं. मी रडकुंडीला आले. आत्याने शांतपणे ग्रुपवर विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तापलं असेल, थंड होऊ द्या."

नर्स म्हणाली, "अंदाजाने नको, मोजा." आणि आत्याने खरंच मशीनला थर्मामीटर लावला!

"आत्या, अगं!!"

"गप गं, शिकू दे मला."

मग न्हाव्याचा मेसेज आला. "मी दर गिऱ्हाइकाला ब्लेड बदलतो. तुम्ही सुई कधी बदललीत?"

आत्याने कपाळावर हात मारला. गेल्या वर्षी! नवी सुई लावली आणि पाच मिनिटांत बाही तयार. कोट चढवला, टेबलावरचं पेन खिशात टाकलं आणि मी पळत सुटले.

"इथे सही करा," तिथले साहेब म्हणाले. मी ऐटीत खिशात हात घातला, तर थर्मामीटर निघाला.

"बरं नाहीये का तुम्हाला?"

"मला नाही सर, मशीनला!"